1988: प्रॉस्टचे गुण 105, सेनाचे 94, मग जगज्जेता सेना कसा?

ठाणेकर_फास्ट
सकाळच्या सीएसएमटी फास्टमध्ये आमचा फॉर्म्युला वनवर भांडणारा ग्रुप आहे. परवा मुलुंडला विषय निघाला तो दादर आलं तरी मिटेना. एकाचं म्हणणं, 1988 साली अ‍ॅलन प्रॉस्टला चक्क लुटलं. सोळा शर्यतींत त्याचे 105 गुण, आयर्टन सेनाचे 94, आणि अजिंक्यपद सेनाला! मोबाइलवर बघितलं तर आकडे खरे निघाले. दोघे मॅकलारेन या एकाच संघाचे ड्रायव्हर, मग संघानेच काही काडी केली का?

पिटलेन_पार्ले
काडीबिडी काही नाही. सोळापैकी सर्वोत्तम अकरा निकालच धरायचे, असा नियम होता. आपल्या दहावीच्या बेस्ट ऑफ फाइव्हसारखा. धरलेले गुण सेना 90, प्रॉस्ट 87. संपला विषय.

परळचा_म्हातारा
संपतोय कसला! खरी गंमत पुढेच आहे.

मी तेव्हा बँकेत लेजर लिहायचो. फाउंटनच्या फुटपाथवर परदेशी मोटार मासिकं जुनी होऊन यायची, घासाघीस करून घ्यायची. त्यातल्या एका अंकात वर्षअखेरचा तक्ता होता. पान कोपऱ्यात फाटलेलं, पिना गंजलेल्या, पण आकडे स्वच्छ: सेना 90, कंसात 94. प्रॉस्ट 87, कंसात 105. बँकवाल्याला असा कंस दिसला की झोप येत नाही. बसलो पेन्सिल घेऊन.

पहिल्याला 9, दुसऱ्याला 6, मग 4, 3, 2, 1. प्रॉस्ट सात वेळा पहिला, सात वेळा दुसरा, दोनदा बाद. म्हणजे गाडी शेवटपर्यंत नेली तेव्हा दुसऱ्याच्या खाली एकदाही नाही. काय माणूस! पण अकराच धरायचे, म्हणून सात विजय आणि चार दुसरे नंबर. उरलेल्या तीन दुसऱ्या नंबरांचे 18 गुण पाण्यात. सेनाचे आठ विजय, तीन दुसरे नंबर, झाले अकरा. त्याचे गेले काय, तर एका चौथ्या आणि एका सहाव्या नंबराचे मिळून 4.

आता सुझुका बघ, जपानमधली शेवटून दुसरी शर्यत. शर्यतीआधी धरलेले गुण प्रॉस्ट 84, सेना 79. सेना पोलवर, म्हणजे सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे, आणि सुटतानाच इंजिन बंद! तिथे सुरुवातीचा रस्ता उताराचा आहे म्हणून गाडी घरंगळली आणि इंजिन पेटलं. चौदावा झाला होता. अठ्ठाविसाव्या फेरीत प्रॉस्टला मागे टाकलं आणि शर्यत मारली. प्रॉस्ट दुसरा. त्याच्या खात्यात जमा किती? शून्य. असले दुसरे नंबर त्याच्याकडे आधीच जास्तीचे पडून होते. सेनाचा सहाव्या नंबराचा 1 गुण गेला, 9 आले, झाले 87. उरलेली अ‍ॅडलेडची शेवटची शर्यत प्रॉस्टने जिंकली तरी एक दुसरा नंबर जाऊन विजय येणार, म्हणजे वाढ फक्त 3ची. तोही 87वर. बरोबरी झाली तर ज्याचे विजय जास्त तो. खेळ सुझुकालाच आटपला.

कांदिवली_कर्ब
काका, हिशोब झकास, पण मी प्रॉस्टच्या बाजूने. मोनॅकोत सेना जवळपास 50 सेकंदांनी पुढे होता आणि एकटाच जाऊन कठड्याला धडकला. अशा चुका पोटात घालणारा नियम सातत्य असलेल्या माणसाला मारतो. 1991पासून सगळे निकाल धरायला लागले ते उगाच का?

परळचा_म्हातारा
अरे, नियम पहिल्या शर्यतीपासून दोघांनाही ठाऊक होता. दुसरा येऊन पोट भरणार नाही हे प्रॉस्टला कळत नव्हतं? त्याला तर प्रोफेसर म्हणायचे! इंग्लंडच्या शर्यतीत, सिल्व्हरस्टोनच्या पावसात त्याने गाडी आपणहून पिटमध्ये, संघाच्या गॅरेजपाशी, लावून शर्यत सोडली, सेनाने तीच शर्यत जिंकली. (आपल्या जुलैत हा काय करणार होता देव जाणे.) आणि 1991ला विजयाचे 9चे 10 केले, तेही बघ. सगळे निकाल धरायचे तर जिंकण्याला वजन हवंच.

पिटलेन_पार्ले
शिवाय सगळे निकाल धरणार असते तर सेनानेही तशी गाडी चालवली नसती. 105 विरुद्ध 94 ही तुलनाच फोल.

कांदिवली_कर्ब
हे जर-तर दोन्हीकडून चालतं.

परळचा_म्हातारा
चालू दे. पुढच्याच वर्षी याच नियमाने प्रॉस्टचे 81चे 76 झाले, तरी सेना 60वर होता आणि जगज्जेता प्रॉस्ट. तेव्हा तुमच्यातलं कोणी नियमावर ओरडल्याचं मला तरी आठवत नाही.

ठाणेकर_फास्ट
काका, तुमचा हिशोब ग्रुपवर टाकला. आता तो ‘लुटलं’वाला म्हणतो, 1989च्या सुझुकात दोघांची टक्कर झाली त्यात चूक कोणाची? त्यासाठी वेगळा धागा काढतो, इथे नको.