प्रतिसाद: चेरी श्रिंपना कॅल्शियम कशातून द्यावं?

तुमच्या टाकीतल्या दोन चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शोभेच्या छोट्या कोळंब्या, कात टाकताना मानेमागे पांढरं कडं उमटून दगावल्या, हे वाचून वाईट वाटलं. पण कॅल्शियमसाठी इथे कुणीतरी सुचवलेला खायचा चुना कृपया टाकीत घालू नका. त्याने पीएच एकदम चढतो आणि उरलेल्याही जातील. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्याही नकोत. त्यांत बहुधा तांबं असतं, आणि कोळंबीला ते अगदी थोडंही विषारी.

मी नेरुळला राहते. आमच्या नळाच्या पाण्याचा जीएच (पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, त्याचं माप) माझ्या पाणी तपासायच्या किटवर 3 येतो. चेरीला 6 ते 8 बरा. त्यामुळे आधी पाणी मोजा, मगच काय घालायचं ते ठरवा.

मी समुद्रफेन (माकूळ या समुद्री प्राण्याच्या आतलं पांढरं कवच) वापरते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तोच. अंगठ्याएवढा तुकडा उकळून फिल्टरजवळ ठेवायचा. तो हळूहळू विरघळतो, पण केएचही (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) वाढवतो. म्हणून कमी केएच लागणाऱ्या क्रिस्टल श्रिंप या दुसऱ्या जातीच्या टाकीत तो नको. शिवाय त्यातून मॅग्नेशियम जवळजवळ मिळत नाही. जीएच फारच कमी असेल तर श्रिंपसाठीची मिनरल पावडर बादलीतल्या नव्या पाण्यात विरघळवून, मग ते पाणी घाला.

आणि एक विचारायचं राहिलं: एका वेळी किती पाणी बदलता? निम्मं बदललंत तर त्या धक्क्यानेच अवेळी कात पडते. मी आठवड्याला दहा टक्केच बदलते, तेही थेंबथेंब. टाकलेली कात काढू नका, कोळंब्या ती खातात. शेवग्याची पानं वाफवून देऊन बघा, माझ्याकडे तर झुंबड उडते.