गावरान मागूर माशाची पिल्लं आठव्या दिवसापासून मरतायत, तातडीने मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, साकोलीकडे आमचं शेततळं आहे, चार वर्षं झाली रोहू-कटला काढतोय, पण गावरान मागूरला गिऱ्हाईक रोज विचारतं आणि बीज कुठे मिळत नाही म्हणून यंदा घरीच काढायचं ठरवलं. पहिला पाऊस झाल्यावर ३ माद्यांना ओव्हाप्रिम (अंडी सुटावीत म्हणून देतात ते हार्मोनचं इंजेक्शन) दिलं, दुसऱ्या दिवशी पोट दाबून अंडी काढली. नर मात्र कापावाच लागतो, रोहूसारखं पोट दाबून वीर्य निघत नाही, हे माहीत होतं तरी हात थरथरले. अंडी टबाला चिकटली, दिवसभरात फुटली, पोटाखालची पिवळी पिशवी संपेपर्यंत सगळं झकास. मग उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून द्यायला लागलो आणि आठव्या दिवसापासून रोज सकाळी मूठभर मेलेली निघतायत, बघवत नाही. टबात दीड फूट बोरचं पाणी आहे, पाण्यात हवा सोडणारा एरेटर आहे पण रात्री लाइट जाते. उरलेली तळ्यात सोडून देऊ का? आणि माद्या बाजारातून जिवंत आणलेल्या, त्या थाय मांगूर (ती परदेशी जात) तर नसतील ना?

प्रतिसाद:
भाऊ तळ्यात अजिबात सोडू नका, बेडूक आणि पाणकिडेच संपवतील, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) होऊ द्या. आधी पाणी उतरवा, चारेक इंच पुरे. मागूर वरची हवा घेते खरं, पण तो अवयव तयार व्हायला दहा-बारा दिवस जातात आणि मग एवढंसं पिल्लू दीड फूट वर-खाली करून दमतं. बलक बंद करा, तळाशी कुजून पाणी नासवतो, त्याऐवजी तळ्यातलं प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) बारीक कापडातून गाळून द्या किंवा आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना देतात ते बारीक कोळंबीसारखे जीव. बोरचं पाणी एक दिवस उघडं ठेवूनच घाला. मोठी पिल्लं वेगळी काढा, नाहीतर लहानांना खातात. आणि माद्यांचं डोकं वरून बघा, मागच्या हाडाला व्हीसारखं एकच टोक असेल तर गावरान, डब्ल्यूसारखं दिसलं तर थाय. त्याला २००० सालापासून बंदी आहे, एकही तळ्यात जाऊ देऊ नका, पावसात बांध ओलांडून नाल्यात जाते आणि मग तिथली गावरान मासळी खाऊन टाकते.

मूळ धागाकर्ता:
दादा लय आभार, टॉर्च लावून बघितलं, तिघींना एकच टोक आहे, जीव भांड्यात पडला. पाणी आत्ताच उतरवलं. फक्त रात्री लाइट गेल्यावर काय करू, बॅटरीवरचा छोटा एरेटर एवढ्या टबाला पुरेल का?