बास गिटारच्या तारेच्या खरखरीला 'जवारी' म्हणावं का?

प्रश्न : इबानेझ जीएसआर२०० सारख्या परवडणाऱ्या बास गिटारवर मेटल संगीतासाठी सगळ्यात जाड तार ई स्वरावरून डी ला उतरवली, की ती दांडीवरच्या पडद्यांवर (फ्रेट) झणझणते. या 'फ्रेट बझ'ला मराठीत जवारी म्हणावं का?

उत्तर : नको. जवारी मुद्दाम काढतात. तंबोऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) किंचित बाकदार घासायची, तारेखाली सूत सरकवायचं, मग तार घोडीलाच निसटती लागते आणि स्वर फुलतो, लांबतो. इथे तार पुढच्या पडद्यावर आपटते आणि स्वर खुंटतो. सरळ 'तार पडद्याला लागते' म्हणा, आवाजाला 'खरखर'. 'तार उतरवणे' मात्र अचूक आहे, फक्त कुठल्या स्वराला ते सांगावं. नाहीतर तार काढूनच टाकली असा अर्थ होतो.

आणखी एक : खरखर कुठे होते ते आधी ऐका. ई (४१.२ हर्ट्झ) वरून डी (३६.७) म्हणजे दोन अर्धस्वर, आणि तेवढ्याने त्या तारेचा ताण सुमारे २० टक्के घटतो. ढिली तार जास्त रुंद हेलकावते. सगळ्याच तारा उतरवल्या तर दांडीवरची ओढही कमी होऊन ती सरळ होते. मग पहिल्या पाच पडद्यांवर खरखर येते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून सातव्यापाशी तार आणि पडदा यांच्यातली फट बघा, साधारण ०.३ मिमी हवी. कमी असेल तर ट्रस रॉड (दांडीच्या आतली, तिचा बाक जुळवणारी सळई) पाव फेरा ढिला करा, पुन्हा सूर लावा, मगच पुढचा पाव फेरा. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची २.५ मिमीच्या आसपास ठेवा. एकाच पडद्यावर खरखर असेल तर पुढचा पडदा उचललेला असतो. तिथे रॉड फिरवून उपयोग नाही.

मूळ उपाय आणखी जाड तार. ०.१०५ इंच जाडीऐवजी ०.११० ते ०.११५ ची घेतली की डी ला बराचसा ताण परत मिळतो.

दुसरं उत्तर : सगळी खरखर घालवू नये, हेही सांगायला हवं. मेटलमध्ये प्लेक्ट्रमने (नखीने) जोरात छेडल्यावर तार पडद्यांवर आपटून जो धातूचा आवाज येतो, तो हवाच असतो. डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाटका केलेल्या आवाजाच्या) दोन गिटारांमधून बास त्यामुळेच वेगळी ऐकू येते. त्याला मराठीत सुंदर शब्द आहे : टणत्कार. धनुष्याच्या दोरीचा तो टणत्कार. सुरुवातीला टणत्कार आणि पुढे स्वर टिकतो, ते ठीक. स्वर टिकतच नाही, ती खरखर. ॲम्प बंद असताना ऐकू येते पण ॲम्पमधून येत नाही, ती सोडून द्यावी.

पुरवणी : बासला सरसकट 'खर्ज' म्हणतात, तेही जपून. खर्ज हा षड्जावरून आला, म्हणजे खालचा सा. खालच्या सप्तकाला 'मंद्र' बरा.

आणि जाड तार लावताना नटची, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची, खाच तपासा (सतारीवर ती पट्टी म्हणजे अटी). ०.१०५ साठी कापलेल्या खाचेत ०.११५ नीट बसत नाही, वर राहते, आणि पहिल्या पडद्यावर दाबताना सूर चढतो. खाच गोल कानशीने थोडी रुंद करावी, खोल मात्र करू नये. खोल झाली की मोकळी तारच पहिल्या पडद्याला लागायला लागते.