लोण्याऐवजी काय? व्हीगन घरांतले अनुभव सांगा

धागाकर्ती: लेक व्हीगन झालीये. दूध-दही-तूप बंद. सुट्टीला आली की पहिला प्रश्न, "आई, ब्रेडला काय लावू?" वाणी म्हणतो, मार्जरिन न्या, तेलाचंच असतं. कुणी वापरलंय?

लेबलवाचक: ताई, वाण्याचं ऐकू नका आणि नुसत्या हिरव्या ठिपक्यावरही जाऊ नका. आपल्याकडे दूध शाकाहारीच धरतात, त्यामुळे लोण्यावरही तोच ठिपका असतो. काही मार्जरिनमध्ये चवीसाठी दूध पावडर किंवा व्हे, म्हणजे दुधाची निवळ, असतं. डबा उलटा करा, घटकांच्या यादीजवळ 'कंटेन्स मिल्क' लिहिलंय का ते आधी बघा. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाने, २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणले. त्यांचं हिरव्या 'व्ही'चं चिन्ह दिसलं तर उत्तम. बाकी मार्जरिनचा जन्मच मुळी व्हीगन नाही. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये मेज-मूरिएस नावाच्या रसायनज्ञाने ते गुरांच्या चरबीपासून केलं होतं!

म्युनिककर: दूध नसलं म्हणजे झालं, असंही नाही. मार्जरिनमध्ये डी जीवनसत्त्व घालतात. त्यातला डी३ हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून काढतात. लायकेनपासूनही मिळतं, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं. डी२ चालतं. ई४७१, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक, मात्र वनस्पतीचं की प्राण्याचं, ते नुसत्या आकड्यावरून कळत नाही. मी सरळ 'व्हेगान' (जर्मनमध्ये व्हीगन) छापलेलाच डबा उचलते.

घरगुती बेकर: मी नानकटाईला रिफाइंड खोबरेल वापरते, साध्या खोबरेलाचा वास वेलचीलाही दाबतो. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश, उरलेलं बरंचसं पाणी. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तेल घ्यायचं आणि मोठा चमचाभर पाणी. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा मुंबईच्या मे महिन्यात ते फ्रीजमध्ये थिजवूनच घ्या. पातळ तेल साखरेबरोबर कितीही फेटा, फुलत नाही. साखर खाली बसते, वर तेल तरंगतं आणि नानकटाई ओव्हनमध्ये पसरून भाकरी होते.

जुना बेकरीवाला: अहो, पूर्वीपासून कित्येक बेकऱ्यांची नानकटाई डालड्यातच होते, दह्यादुधाचा थेंब नाही. डालड्यासारख्या तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आलीय. तरी रोज खायची वस्तू नव्हे ती.

पणजीकर: आमच्या गोव्याच्या दोदोल मिठाईला लोणी लागतच नाही. तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, नारळाचा रस. ढवळता ढवळता हात भरून येतात, मग रसातलंच तेल कडेने सुटायला लागतं. तेल सुटलं की उतरवायचं.

खवय्या: पावभाजीचं काय करता? मार्जरिनवर भाजलेला पाव दिसतो छान, चव शून्य. मी तर शेंगदाणा तेलात लसूण परतून त्यावरच पाव दाबतो. लोण्याची नक्कल नाही, पण खमंग लागतो.

धागाकर्ती: आणि ब्रेडला?

खवय्या: सोलापुरी शेंगदाणा चटणी, कच्च्या तेलात कालवून. लेकीला तिखट झेपतं ना?