४५ एचपी ट्रॅक्टरला वूड चिपर घ्यायचाय, ४ इंची की ६ इंची? जाणकारांनी सांगा

सासवडचा_बागायतदार:
नमस्कार मंडळी. आमची ३ एकर अंजीर, ४ एकर सीताफळ आणि बांधाला सुबाभूळ, गिरीपुष्प आहे. छाटणी झाली की फांद्यांचा डोंगर होतो, आजवर बांधाला ओढून पेटवून देत होतो पण यंदा वडील म्हणाले आता काडी लावायची नाही, सगळं रानातच मुरवायचं. म्हणून ट्रॅक्टरला जोडून फांद्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन, वूड चिपर, घ्यायचंय. ट्रॅक्टर ४५ एचपी, सिंगल क्लच. एक दुकानदार म्हणतो ६ इंचीच (म्हणजे ६ इंच जाडीपर्यंतची फांदी घेणारा) घ्या, दुसरा म्हणतो ४ इंची भरपूर झाला. ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा, पैसे एकदाच घालायचेत.

मावळचं_रान:
दादा, इंचावर जाऊ नका. ४५ चं इंजिन असलं तरी पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागच्या, मशीन फिरवणाऱ्या शाफ्टला) साधारण ३८-४० एचपीच मिळतात, त्यावर ४ इंची निवांत चालतो. ६ इंचीत वाळकी सुबाभूळ घातली की इंजिन दबतं आणि आरपीएम पडले की ब्लेड कापत नाही, नुसतं चेचतं. तुमच्या अंजीर-सीताफळाच्या छाटणीत मनगटाएवढ्या जाड फांद्या किती निघतात ते आधी बघा, त्या सरपणाला बाजूला काढल्या तरी चालतं. सिंगल क्लचमध्ये क्लच दाबला की पीटीओही थांबतो, पण त्याची काळजी नको, चिपर एका जागी उभा राहूनच चालतो. पीटीओ ५४० आरपीएमवर ठेवायचा, आणि ट्रॅक्टरला ५४० इकॉनॉमी असेल तर जड फांद्यांना तो लावू नका, त्यात इंजिन कमी आरपीएमवर असतं म्हणून ताकद कमी पडते.

दुकानात गेल्यावर बघायचं ते हे, की फिरतं ब्लेड आणि फिक्स ब्लेड यातला गॅप सेट करता येतो का आणि ब्लेड तालुक्याला मिळतात का. गॅप मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, बहुतेक मशीनला १-२ मिलिमीटरच्या आसपास, तो फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावायचा, नजरेने नाही. मी पहिल्या वर्षी हे केलंच नाही, चिप्सऐवजी लांब लांब सालपटं यायला लागली, फांदी आत ओढेना, आणि मी आपला इंजिनला दोष देत बसलो. धार लावताना सगळी ब्लेड सारखीच घासायची, एक हलकं एक जड झालं की मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातं. ग्राइंडरवर निळं पडू देऊ नका, पाणी उतरलं की धार टिकत नाही. अंजिराचा चीक ब्लेडवर चिकटून वाळतो, संध्याकाळी मशीन पूर्ण थांबवून डिझेलच्या फडक्याने पुसून ठेवा.

नारळवाला_खेड:
रोलर फीडवालाच (फांदी स्वतः आत ओढणारा) घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. सीताफळाच्या फांद्या वेड्यावाकड्या, हाताने ढकलत बसलात तर दिवसभरात निम्मं काम होत नाही. आणि नारळाच्या झावळ्या घालायचा विचार असेल तर चिपर नको, त्याचा धागा शाफ्टला गुंडाळतो, त्याला हातोडीवाला श्रेडर बरा.
अनुदान पाहिजे असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मगच खरेदी. आधी बिल केलंत तर हातातून गेलं. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन असतं, तिथे दोन-चार मशीन शेजारी शेजारी बघायला मिळतात.

सासवडचा_बागायतदार:
खूप आभार, गॅपचं कुणीच सांगितलं नव्हतं. शिअर बोल्ट सारखा तुटतो असं ऐकलंय, त्या जागी जाड बोल्ट टाकला तर?

मावळचं_रान:
अजिबात नको! तो तुटायलाच बसवलेला असतो, तो तुटला म्हणून गिअरबॉक्स वाचतो. कंपनीने दिलाय त्याच ग्रेडचे ५-६ बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा. सारखा तुटत असेल तर ब्लेड बोथट झालंय, नाहीतर तुम्ही फांदी जाड घालताय. शाफ्टच्या क्रॉसला रोज ग्रीस मारा. पीटीओ बंद केला तरी जड चाक बराच वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबल्याशिवाय, आणि इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात घातल्याशिवाय झाकण उघडू नका.

ताई_शिरूर:
शाफ्टचं प्लास्टिक कव्हर काढून टाकू नका, हात जोडून सांगते. आमच्या रानात एका मजुराचा गमछा शाफ्टला गुंडाळला होता, गाठ सैल होती म्हणून वाचला. साडीचा पदर, ओढणी घेऊन कुणालाही मशीनपाशी उभं करू नका, चष्मा आणि कानाला मफ द्या.
आमचं डाळिंब आहे, तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) आलेल्या फांद्या मी चिपरला घालत नाही, त्या बागेबाहेरच नेते. तुमच्याकडेही रोगट फांदी असेल तर तिचा चुरा झाडाखाली नको. चांगल्या चिप्सचा ३-४ इंच थर टाका पण खोडापासून वीतभर लांब, आणि ताज्या चिप्स मातीत कालवू नका, कुजताना नत्र ओढतात आणि झाड पिवळं पडतं. वरच राहू द्या.