मदत हवी आहे: ओजेएसवर टाकलेल्या जुन्या श्रीलिपी पीडीएफचं काय करावं?

लातूरच्या आमच्या इतिहास मंडळाचं त्रैमासिक ओजेएस ३.३ (ओपन जर्नल सिस्टम्स, नियतकालिकं ऑनलाइन काढायचं सॉफ्टवेअर) वर मोफत खुलं करतोय. नवे अंक युनिकोडमध्ये आहेत, त्यांची काही तक्रार नाही. घोडं अडलंय ते १९९८ ते २००९ च्या अंकांवर. ते पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीत (युनिकोड नसलेले जुने देवनागरी फॉन्ट) लावलेले. पीडीएफ दिसायला झकास, पण ‘अंबाजोगाई’ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं की डॉलर, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी. शीर्षक, लेखक, सारांश मी ओजेएसच्या क्विकसबमिट प्लगइनमधून हाताने युनिकोडमध्ये भरले, म्हणून तेवढं शोधात सापडतं. लेखाच्या आतलं काहीच नाही.

फॉन्ट कन्व्हर्टर वापरून पाहिला: रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मग पानांच्या ३०० डीपीआय इमेज काढून टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणाऱ्या) प्रोग्रामचं मराठी मॉडेल चालवलं. मजकूर बराच बरा आला, पण दोन कॉलमच्या पानांवर डावी-उजवी ओळ एकत्र होते आणि तळटीपा मध्येच घुसतात.

मूळ पेजमेकर फायली गेल्या, छापील अंक आहेत. होस्टिंग शेअर्ड आहे, पण ओसीआर घरच्या लॅपटॉपवर करतो, त्यामुळे ती अडचण नाही. सगळं पुन्हा टाइप करणं दोघांच्या हातून होणार नाही.

कॉलम वेगळे ठेवून ओसीआर कसं करता? आणि मूळ पानामागे अदृश्य मजकूर असलेली नवी पीडीएफ चढवताना जुनी गॅली (वाचकाला दिसणारी लेखाची फाइल) नुसती बदलायची, की ओजेएसमध्ये लेखाची नवी आवृत्ती काढायची?