कांचनजंगा: माथ्याच्या दिवसाला माणशी प्राणवायूचे तीन सिलिंडर पुरेत का?

राजेंद्रनगरकर: इंदुरात पुन्हा कांचनजंगाचे (८५८६ मी.) बेत शिजताहेत. शिखर नेपाळ–सिक्कीम सीमेवर, पण सिक्कीमने २००१ साली चढाई बंद केली, म्हणून वाट नेपाळातून, यालुंग हिमनदीकडून. माझं मत: माणशी तीन सिलिंडर भरपूर. ४ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण १२०० लिटर प्राणवायू. मिनिटाला २ लिटरने १० तास, तिन्हींचे ३०. चौथा म्हणजे शेर्पाच्या पाठीवर फुकटचं ओझं.

तुकोगंज: हा एव्हरेस्टचा हिशेब झाला. तिथे शेवटचा कॅम्प, साउथ कोलची खिंड, ७९०० मीटरवर, पुढे साडेनऊशे मीटर चढ. इथे शेवटचा कॅम्प ७३०० च्या आसपास, म्हणजे एका दमात जवळजवळ १३०० मीटर. तासाला १०० धरा: चढायला १३ तास, उतरायला ६-७. आणि घळीत धाप लागली की कोण २ वर राहतो? ४ वर सिलिंडर ५ तासांत रिकामा. तीन म्हणजे १५ तास, उरलेला उतार अंधारात, कोरड्या मास्कने. पाच न्या.

राजेंद्रनगरकर: अख्खा दिवस ४ वर कुणी चालत नाही हो! घळीत चार तास ४ वर: ९६०. बाकी सोळा तास २ वर: १९२०. आदल्या रात्री झोपेत अर्ध्या लिटरने आठ तास: २४०. झाले ३१२०, उरले ४८०. शिवाय सिलिंडर वाढला की परत फिरायची वेळही पुढे सरकते. दुपारी बारा म्हणजे बारा, माथा समोर दिसत असला तरी.

तुकोगंज: ४८० म्हणजे २ वर चार तास. दोरावर रांग लागली किंवा वर भलत्याच घळीत शिरलात, की ते तिथेच संपले. बाराचा नियम कॅम्पात सगळ्यांनाच पाठ असतो.

जानापाव: एक सिलिंडर चढताना ८००० च्या वर दोराच्या अँकरला (दोर अडकवलेल्या खुंटीला) बांधून ठेवा, उतरताना घ्या. साडेतीनेक किलो तेवढेच कमी.

तुकोगंज: आणि बर्फाखाली गेला, किंवा दुसऱ्याने उचलला तर? ठेवायचा तर राखीवातला, उतरायच्या हिशेबातला नाही.

जानापाव: हे कबूल. मग आकडा मोजताना काटाही नीट वाचा. इंदुरी २० अंशाला ३०० दाखवणारा सिलिंडर उणे ३० ला अडीचशेच्या आसपास दाखवतो. गळती नाही ती, गार वायूचा दाब उतरतो. उलट काटा ठीक आणि तरी जीव घुसमटतोय, तर मास्क बघा. श्वासाची वाफ झडपेवर गोठते. रबर हाताने दाबून बर्फ फोडायचा. ते न करता रेग्युलेटर ४ वर नेणारे पुष्कळ.

राजेंद्रनगरकर: म्हणजे मास्क सांभाळला तर तीन पुरतात.

तुकोगंज: चार. पाचवरून एवढाच खाली येईन.